पाटापासून दोन हातांवर

हळदीच्या मांडवात माझी जागा नवरीच्या पाटापासून दोन हातांवर. बायकांची कितीही दाटी असली तरी कुणीतरी ओरडायचं, "फोटोवालीला वाट द्या गो," आणि वाट व्हायची. मुरबाडला एस.टी. स्टँडच्या मागं माझा छोटा स्टुडिओ आहे. धसईपासून वैशाखऱ्यापर्यंतच्या गावांत मला नावानं हाक मारणारं कुणी नाही, सगळ्यांची मी फोटोवाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गळ्यातला कॅमेरा काढून ठेवला तर त्याच मांडवात मी विधवा असते, आणि विधवेनं पाटापासून किती लांब राहायचं ते आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

स्टुडिओ मुळात यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं दोन भिंगांचा एक कॅमेरा होता. चौकोनी डबाच तो. वरचं भिंग बघायला, खालचं फोटो घ्यायला. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि विहिरीत डोकावावं तशी मान खाली घालून आत बघायचं. आत दुधी काचेवर समोरचं माणूस दिसतं, डोकं वर, पाय खाली, सगळं ठीक, फक्त डाव्याचं उजवं झालेलं. माणूस काचेत डावीकडं दिसतंय म्हणून कॅमेरा डावीकडं वळवला की ते आणखी डावीकडं पळतं. सुरुवातीला मी गिऱ्हाइकाला सोडून मागच्या पडद्याचे फोटो काढले, एकदा तर नुसत्या स्टुलाचा काढला. हे मागं उभे राहून पोट धरून हसायचे. मला राग यायचा. मी म्हणायचे, "तुमच्या डब्यालाच अक्कल नाय." मग ते माझ्या हातावर हात ठेवून बाजूचं चाक हळूहळू फिरवायचे. काचेवरचा पुसट चेहरा निवळत जायचा आणि समोरच्याच्या पापण्या एकेक करून वेगळ्या व्हायच्या. "पापणी सुटी दिसली की थांबायचं," हे म्हणायचे. माझं सगळं शिक्षण एवढ्या वाक्यात झालं.

दुसरा एक जुना कॅमेरा यांनी कुणाकडून तरी हौसेनं घेतला होता. त्याची बघायची खिडकी वरच्या कोपऱ्यात, भिंगाशी तिचा काही संबंध नाही. खिडकीत मधोमध एक पिवळसर ठिपका असतो आणि त्या ठिपक्यात समोरच्या माणसाचं भूत दिसतं, जरासं बाजूला सरकलेलं. भिंगाची कडी फिरवायची. भूत सरकत सरकत येतं आणि माणसात शिरतं. शिरलं की फोकस झाला. फार देखणा कॅमेरा. चौकटीच्या बाहेरचंही त्यात दिसतं, म्हणजे कोण फोटोत घुसायला निघालंय ते आधीच कळतं. पण खोटारडाही तेवढाच. भिंगावर टोपी तशीच राहिली तरी खिडकीत सगळं लख्ख दिसत राहतं. आमच्या मुलीच्या बारशाचा अख्खा रोल यांनी टोपी न काढता काढला. पाळणा, घुगऱ्या, कानात कुर्र करणारी आत्या, सगळं यांनी खिडकीतून डोळे भरून बघितलं आणि फिल्म कोरीच राहिली. दुसऱ्यांच्या घरी यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं, स्वतःच्या घरचं कार्य निघालं आणि हात चुकला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, उगाच तो आठवडा घालवला.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी यांना कावीळ झाली आणि त्यातच हे गेले. थोरले दीर म्हणाले, भात आपल्या सगळ्यांना पुरतो, तू घरात राहा. चांगल्या मनानं म्हणाले. पण घरात बसलं की भिंती अंगावर यायच्या, म्हणून मी स्टुडिओचं शटर वर केलं. पहिली ऑर्डर आली ती धसईजवळच्या एका हळदीची. बायकांत फोटो काढायला बाईच हवी, म्हणून मला बोलावणं. मी आपला सवयीचा डबाच नेला. पाटासमोर उभी राहिले, मान खाली घातली आणि माझं मोकळं कपाळ सगळ्यांच्या पुढ्यात आलं. समोरची एक म्हातारी म्हणाली, "हिला कशाला पुढं केला?" दुसरी म्हणाली, "कामाला आली हाय ती. काढू दे." खरं तर मला ते दुसरं वाक्य लागायला हवं होतं. उलट माझा जीव भांड्यात पडला. कामाला आलेल्या माणसाला मांडवात कुठंही जाता येतं.

पुढच्या हळदीला मी यांचा तिसरा कॅमेरा काढला, आरशाचा. तो डोळ्याला लावायचा. भिंगातून आलेलं चित्रच आतला आरसा उचलून डोळ्यापर्यंत देतो, त्यामुळं दिसतं तेच फोटोत येतं. टोपी राहिली तर काळोख आधी तुम्हालाच दिसतो, म्हणजे फसवाफसवी नाही. त्याच्या मधोमध एक गोल असतो, आडवा कापलेला. फोकस नसला की रेघेचा वरचा तुकडा एकीकडं आणि खालचा दुसरीकडं. ते जुळवायला उभी रेघ लागते, आणि नवरीच्या चेहऱ्यावर उभी रेघ असते ती मुंडावळीची. गालाशी लोंबणारी ती मोत्यांची सर मला तुटलेली दिसायची. मी कडी फिरवायचे, सर सांधली जायची. नवरी हसली की परत तुटायची. पुस्तकात हे कुठं लिहिलेलं असेल असं वाटत नाही, माझं मलाच सापडलं होतं आणि मला त्याचा गर्व होता. सांगायला मात्र घरी कुणी नव्हतं.

या कॅमेऱ्याचं मला आवडलेलं म्हणजे त्याच्यामागं तोंड झाकलं जातं. कपाळ नाही, डोळे नाहीत, बायकांना दिसतं ते फक्त एक काळं भिंग. आणि आणखी एक गोष्ट, जी फोटो काढून घेणाऱ्यांना माहीत नसते. बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि तेवढ्यापुरता डोळ्यापुढं अंधार होतो. फोटोत जो क्षण उतरला तो काढणाऱ्यानं बघितलेलाच नसतो. त्याच्या आधीचा बघितला, नंतरचा बघितला. इतक्या पोरींच्या हळदी मी काढल्या आणि त्यातलं जे काही चांगलं होतं ते नंतर अल्बममध्ये परक्यासारखं बघितलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. तोंड झाकलेलं होतं, तेवढं पुरे होतं.

एकदा मात्र वैशाखऱ्याला फजिती झाली. हळद संपत आली होती, रोल संपला, म्हणून नवा भरायला कॅमेरा मांडीवर घेऊन मी बायकांच्या ओळीत खाली बसले. त्याच वेळी एक नव्यानं लग्न झालेली पोर हळदीकुंकवाचं ताट घेऊन ओळीतून येत होती. माझ्या शेजारणीला लावलं, हात माझ्याकडं आला, बोट कपाळापासून इतकंसं लांब राहिलं आणि तिनं बघितलं. बोट तसंच पुढच्या बाईकडं गेलं. जाताना म्हणाली, "माफ करा हं काकी." ती काही न बोलता गेली असती तर मी विसरले असते. रोल भरून मी उठले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तीच पोर माझ्यासाठी पदर नीट करून हसत उभी राहिली. मला त्या दिवशी इतकं एकटं वाटलं की परतीच्या एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईशी मी उगाचच भाताच्या भावावर बोलत राहिले. तेव्हापासून रोल मी उभ्यानंच बदलायला शिकले.

नंतर रोल गेले. आपोआप फोकस करणारे कॅमेरे आले, बटण अर्धं दाबलं की आत लाल टिंब चमकतं आणि टीट-टीट वाजतं, म्हणजे तुमच्या डोक्याला काही काम नाही. आता माझ्याकडं आहे त्यात तर आरसाही नाही. डोळा लावायच्या जागी एक इवलासा टीव्ही आहे. समोर माणूस आलं की एक छोटी चौकट त्याचा डोळा शोधून त्यावर जाऊन बसते आणि माणूस हललं तरी सुटत नाही. बटण दाबताना अंधारही होत नाही. घेतला त्या दिवशी मुलीनं मला सगळं लावून दिलं. ती झोपायला गेल्यावर मी तो घरभर फिरवला. चौकट भिंतीवरच्या यांच्या फोटोवर गेली आणि यांच्या डोळ्यावर बसली. यंत्राला काय कळतंय! मी बंद करून ठेवून दिला.

आणि मोबाइल. मोबाइलला मी कॅमेरा म्हणत नाही, म्हणजे म्हणत नव्हते. हात लांब करायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, काचेवर बोट टेकवायचं की झालं. काढणाराही बघतो, शेजारचाही बघतो, ज्याचा काढला तो लगेच येऊन बघतो. मान खाली घालायला नको, डोळा मिटायला नको. माझ्या भिंगासमोर आता बांगड्यांनी भरलेले दहा हात असतात आणि प्रत्येक हातात मोबाइल. "फोटोवालीला वाट द्या" असं म्हणणाऱ्या बायकाच आता फोटो काढण्यात गुंतलेल्या असतात. कामाचं म्हणाल तर पोट भरेल एवढं अजून आहे. पण पाटाजवळची माझी जागा दरवर्षी वीतभर मागं जाते, हे मला कळत होतं.

अशात मुलीचं लग्न ठरलं. कल्याणला ती एका लॅबमध्ये नोकरी करते. उंबरमाळीकडचा मुलगा तिनंच पसंत केला, मुलगा चांगला, माणसं साधी. हळद आणि लग्न आमच्या धसईजवळच्या घरी करायचं ठरलं. थोरल्या जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कन्यादानाला आमी दोघं बसतो गो. तू निवांत फोटो काढ. तुझ्यासारखे कोन काढनार?" मी ऑर्डरीला गेले की माझ्या पोरीला याच बाईनं जेवू घातलं, शाळेला धाडलं. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. मला बरंच वाटलं. पोरीच्या हळदीत माझी पाटाजवळची जागा पक्की झाली होती.

मुलीला ते पटलं नाही. "मी दुसऱ्या फोटोग्राफरला सांगितलंय," ती म्हणाली. "तू कॅमेरा घ्यायचा नाय."

"आणि मी कुठं उभी राहू?"

"पाटाशी. माझी आई म्हणून."

"आई म्हणून मला पाटाशी कोण उभं करणार? बायका मला चुलीकडं बसवतील, भाताच्या टोपाशी. फोटोवाली म्हणून गेले तरच तुझ्याजवळ येता येईल. एवढं शिकलीस आणि एवढं कळत नाय?"

मी मोठ्यानं ओरडले, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या अंगणातली बाई सूप थांबवून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मुलीनं त्या फोटोग्राफरला नको म्हणून कळवलं. मला वाटलं, मी जिंकले.

हळदीला दुपारी उंबरमाळीहून नवऱ्याची उष्टी हळद आली. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, पोरी मांडवभर पळत होत्या. मुलगी पाटावर बसली. पाच सवाष्णी आंब्याची पानं हळदीत बुडवून तिच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला लावायला लागल्या. त्यांत पहिल्या होत्या जाऊबाई. मी माझ्या जागेवर, डोळा कॅमेऱ्याला. चौकट मुलीच्या उजव्या डोळ्यावर जी बसली ती हलेना, कारण मुलगीच हलेना. ती सरळ भिंगात बघत होती. हळदीच्या फोटोत नवरीनं असं बघायचं नसतं, ओळखपत्राचा फोटो वाटतो. मी कॅमेऱ्यामागून दटावलं, "अगं काकीकडं बघ. ताटाकडं बघ. इकडं काय बघतेस?" ती तशीच बघत राहिली. दुसरी सवाष्ण आली, तिसरी आली, प्रत्येक फोटोत पान हलतंय, हात हलतायत आणि नवरी टक लावून समोर. मी मनातून चिडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींचे फोटो चांगले आले आणि माझीच पोर ऐकत नाही.

सवाष्णी झाल्या, आत्या-मावश्या झाल्या. मी जवळून एक फोटो घ्यावा म्हणून गुडघ्यांवर बसून पुढं सरकले. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, ठेव ते खाली."

"एक मिनिट. हनुवटी वर कर."

तिनं ताटात हात घातला आणि हळदीनं भरलेला पंजा सरळ भिंगावर ठेवला.

डोळ्यापुढचा टीव्ही पिवळा झाला. चौकट गेली. भिंग बिचारं आतल्या आत पुढं-मागं होत काही सापडतंय का ते शोधत राहिलं, त्याची घरघर मला बोटांत कळत होती. "अगं, भिंग आहे ते!" मी ओरडले आणि कॅमेरा खाली घेतला. पुढं काच लावलेली होती, भिंगाला काही झालं नव्हतं, पण ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की गाणं थांबलंय आणि सगळा मांडव माझ्या उघड्या तोंडाकडं बघतोय. मुलीनं माझं मनगट धरलं, माझा हात ताटात बुडवला आणि म्हणाली, "लाव."

मी जाऊबाईंकडं बघितलं. त्यांच्या हातात अजून आंब्याची पानं होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि मान खाली घालून कमरेला काहीतरी चाचपायला लागल्या. मला वाटलं, त्यांना माझ्याकडं बघवत नाही. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मी हात पुढं केला आणि मुलीच्या गालाला हळद लावली.

आणि तिचा चेहरा मला दिसेना. मी रडत नव्हते. चाळीशी लागल्याला मला बरीच वर्षं झाली, हातभर अंतरावरचं काही स्पष्ट दिसत नाही. कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला एक बारीक चाक असतं, ते आपल्या डोळ्याच्या नंबराला लावून ठेवता येतं. म्हणून काम करताना मी चष्मा घालत नाही, तो पिशवीत पडलेला असतो. कॅमेरा बाजूला झाल्यावर माझ्यापुढं नुसता एक पिवळा गोळा होता, त्यात दोन काळे डाग, म्हणजे डोळे. फिरवायला चाक नव्हतं. मागं सरकले असते तर दिसली असती. पण मागं सरकायचं माझ्या मनात आलं नाही. मी हातानंच गाल, हनुवटी, कानामागची जागा शोधत गेले आणि सगळीकडं हळद लावली, पद्धतीपेक्षा जास्तच लावली. मग कुणीतरी धवलारणीला म्हणालं, "म्हन गो पुढं," आणि गाणं सुरू झालं.

लग्न पार पडलं. कन्यादानाला दीर आणि जाऊबाईच बसले, मी फोटो काढले. मुलगी उंबरमाळीला गेली. सकाळी फोन करते, तिला घाई असते, मलाही बोलायला काही सुचत नाही. मी दिवसभर स्टुडिओत असते. काम असतं तेव्हा ठीक. संध्याकाळी घरी जायला नको वाटतं, म्हणून पुसलेले कॅमेरे पुन्हा पुसत बसते. मध्ये एका हळदीला गेले होते, तिथं कुणी मला हळद लावायला बोलावलं नाही आणि मीही तशी अपेक्षा केली नव्हती.

परवा दुपारी जाऊबाईंनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. हळदीचाच होता. म्हणजे त्या दिवशी जाऊबाई कमरेचा मोबाइल काढत होत्या. त्यांना फोटो काढता येत नाही. मांडवाचा खांब तिरका झालाय, त्यांचं बोट कोपऱ्यात आलंय, माझी पाठ आहे, थोडासा गाल आहे, मुलीच्या तोंडावर माझा हात आहे. मोबाइल नेहमी नवरीचाच चेहरा निवडतो, तसा त्यानं निवडलाय, त्यामुळं मी पुसट आणि ती स्वच्छ. हे मात्र बरोबर आहे, मीही फोकस तिथंच धरला असता.

चष्मा लावून मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग माझ्या कॅमेऱ्यातले हळदीचे फोटो काढून शेजारी ठेवले. दोन्हींत मुलीची नजर एकच आहे, तसूभरही फरक नाही. मी ज्यासाठी तिला दटावत होते तीच नजर. फक्त जाऊबाईंच्या फोटोत मध्ये कॅमेरा नाही. ती भिंगात बघतच नव्हती. सगळा वेळ ती माझ्याकडं बघत होती, आणि इतक्या जवळ जाऊन मला ते दिसलं नव्हतं.